गादीतून काय निघालं

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी लिहायची आहे. हुकूम लेकीचा. तहरीमनं बी. कॉम. झाल्यावर मार्केटिंगचा ऑनलाइन कोर्स केला आणि तिला पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते म्हणजे तिचा बाप. शहागंजच्या मागल्या गल्लीत आमचं 'शौकत गादी घर' आहे. माझे वडील फर्दापूरला पिंजण खांद्यावर टाकून दारोदार हिंडायचे. मी शहरात येऊन मशीन बसवलं, आणि तहरीमच्या मते मग तिथंच बसून राहिलो. जालना रोडला फोमच्या गाद्यांची काचेची दुकानं झाली. आमच्या दुकानाला काचच नाही, त्यामुळं लोकांना आम्ही दिसत नाही आणि धूळ मात्र थेट आत येते.

"अब्बा, आठवड्याला दोन व्हिडिओ आणि एक ब्लॉग," ती म्हणाली. "विषय तुम्ही शोधायचा. रोज काही ना काही दिसतं, कानावर पडतं, ते लिहून ठेवत जा. सुचायला तिथूनच लागतं."

घरात आम्ही दखनी बोलतो, पण माझी शाळा फर्दापूरची, मराठी. शिवाय माझी बायको गुलशन मराठी अशी बोलते की कुणाला हार जाणार नाही, पण वाचायचा तिला कंटाळा. रोजनिशीला याहून सुरक्षित भाषा मला माहीत नाही.

आज काही सुचलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला व्हिडिओ झाला. नवी टोपी घातली, कापसाच्या ढिगासमोर मांडी घालून बसलो आणि बोललो. "मित्रांनो, माणूस जन्मतो तो कापसात आणि जातो तोही कापसातच. मधल्या काळात तो गादीवर असतो." हे वाक्य मला दाढी करताना सुचलं होतं. मागं गुलशन उशीला टाके घालत होती. मान वर न करता म्हणाली, "बोहनीच्या टायमाला कफन कायको काढले? गादीचं बोला."

मी तहरीमला तेवढं कापून टाकायला सांगितलं. ती म्हणाली, राहू द्या अब्बा, बरं वाटतं. संध्याकाळपर्यंत बऱ्याच लोकांनी बघितलं. खाली लिहिलं होतं, 'भाभींना सलाम', 'भाभी एकदम बरोबर', 'भाभी अजून बोला'. लोकांमध्ये अजून अदब शिल्लक आहे याचं बरं वाटलं. घरधन्याची तारीफ तोंडावर करत नाहीत, घरातल्या माणसाचं नाव पुढं करून करतात.

९ नोव्हेंबर, रविवार

गल्लीत बसून काय सुचणार, म्हणून सकाळच्या एसटीनं अजिंठ्याला गेलो. फर्दापूरला लहानाचा मोठा झालो, पण लेण्यांत पाऊल ठेवून किती वर्षं झाली होती. अंधारात डोळे ताणून चित्रं बघितली. लोक तिथं चेहरे बघतात, दागिने बघतात. मी बघितलं की राजा रेललाय तो लोडाला टेकून. इतक्या जुन्या काळचा लोड, आणि भरलाय कसा, कुठं गोळा नाही की खड्डा नाही. तिथल्या पहारेकऱ्याला हे दाखवलं तर तो म्हणाला, "काका, पुढं सरका, मागं लाइन लागली."

परतताना बसमध्येच ब्लॉग लिहून काढला. 'अजिंठा ते शहागंज : लोडाचा प्रवास'. तहरीमनं वाचला आणि म्हणाली, छान आहे, पण लोकांना गादी किती वर्षांनी पिंजावी, ओली झाली तर काय करावं, असलं पाहिजे असतं. म्हणजे जे मी दिवसभर दुकानात फुकट सांगतो तेच. त्यात सुचायचं ते काय?

गुलशन म्हणाली, "राजाचा लोड बघून झाला ना? आता किराडपुऱ्याच्या बाईच्या उशा कधीच्या पडल्यात, त्या पण बघा."

१२ नोव्हेंबर, बुधवार

आमच्या धंद्यात एक रीत आहे. जुनी गादी पिंजायला आली की गिऱ्हाईक दुकानात बसतं. त्याच्या डोळ्यांदेखत गादी उसवायची, कापूस पिंजायचा आणि त्याचाच कापूस त्यालाच भरून द्यायचा, म्हणजे अदलाबदलीचा संशय नको. खोळीवर मार्करनं नाव आणि मोहल्ला लिहितो तेही त्यासाठीच. वडील कोळशानं लिहायचे.

पण बायका बसतात त्या कापसाकडं बघतच नाहीत. गुलशनजवळ सरकून बसतात आणि बोलत राहतात. तासाभराचं काम दुपारपर्यंत चालतं. मशीन सुरू असलं की त्यांचं बोलणं सुरू, बंद केलं की त्याही बंद. आज एक बाई गादी घेऊन जाताना डोळे पुसत होती. मी म्हणालो, कापसाची धूळ वाईट असते, तोंडाला रुमाल बांधून येत जा. गुलशननं माझ्याकडं नुसतं बघितलं.

यात एखादा विषय सापडेल म्हणून मी नंतर तिला विचारलं, एवढं काय सांगतात तुला?

"तुम्हाला सांगायचं असतं तर तुमच्याजवळ बसल्या असत्या," ती म्हणाली.

धंद्यात बायकोची मदत होत नाही ती अशी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुसरा आणि तिसरा व्हिडिओ पडले. दोन्हींत मी गुलशनला आधीच बजावलं होतं की मधे बोलायचं नाही. 'कापूस आणि संयम' हा विषय माझ्या मते पहिल्याहून खोल होता. बघणारे मोजके. तहरीम काहीतरी सांगायला लागली होती अम्मीबद्दल, पण मग थांबली आणि म्हणाली की सुरुवातीला हुक पाहिजे. हुक म्हणजे पहिल्या दोन वाक्यांत माणूस अडकला पाहिजे, त्याला वाटलं पाहिजे की पुढं काय निघतंय बघू.

ती आज मुलाखतीसाठी पुण्याला गेली, मावशीकडं थोडे दिवस राहणार आहे. फोनवरून व्हिडिओ टाकायचा कसा ते मला शिकवून गेली. मी वाटलं त्यापेक्षा लवकर शिकलो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सुचलं. असं सुचलं की जेवायचं भान राहिलं नाही.

सकाळी विशाखा खरात म्हणून एक बाई आल्या, गारखेड्याच्या. शाळेत शिक्षिका आहेत. सासऱ्यांची गादी रिक्षात घालून आणली होती. गुलशनची त्यांची जुनी ओळख. दोघी जरा वेळ कोपऱ्यात हळू बोलल्या. मग बाई म्हणाल्या, "मी बसत नाही भाभी, शाळा आहे. तुम्ही आहात म्हणल्यावर मला बसायची गरज नाही." मी खोळीवर नाव लिहिलं, 'कचरू खरात, गारखेडा'. दुपारी गुलशन नमाजसाठी घरी गेली आणि मी गादी उसवली.

आतून भाकरीचे तुकडे निघाले. एक नाही, कितीतरी. काही वाळून खापरीसारखे झालेले, काही कालपरवाचे. अर्धी बिस्किटं, कागदात बांधलेला गूळ, पिशवीत शेव, दगड झालेला एक बुंदीचा लाडू. म्हाताऱ्यानं कडेचे टाके उसवून भोक केलं होतं आणि तिथून एकेक आत सरकवलं होतं.

मी खाली बसलो. मला एकदम गलबलून आलं, आणि त्याच वेळी लक्षात आलं की हुक म्हणतात तो हाच. फोन उभा केला. आधी तुकडे एकेक करून खोळीवर मांडले, मग बोललो. "मित्रांनो, माणूस खोटं बोलतो, गादी बोलत नाही. बघा या गादीतून काय निघालं. एका म्हाताऱ्या बापाला घरात भाकरी लपवून ठेवायची वेळ आली. कुणी आणली?" इथं मी थांबलो आणि टोपी सारखी केली. एकाच दमात झालं, परत करावं लागलं नाही.

गुलशन आली, तिनं ते तुकडे बघितले. "या अल्ला, किती जपलंय म्हाताऱ्यानं," म्हणाली आणि सगळं गोळा करून एका फडक्यात बांधलं. मी म्हणालो, त्या बाईची बाजू घेऊ नको. ती म्हणाली, "तुम्हाला कशाचं काय माहीत आहे?" बायका बायकांना सामील असतात. तिला व्हिडिओचं सांगितलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काल टाकला. आज सकाळी बघणारे लाखाच्या वर गेले होते. चहावाला रामकिसन पैसे घेईना. म्हणाला, "शौकतभाई, डोळ्यात पाणी आलं राव. लई नालायक सून असंल." कुठल्या तरी मोठ्या पेजनं आपला व्हिडिओ उचलून खाली गंभीर संगीत लावलंय. आपण ते आधीच लावायला पाहिजे होतं.

लोकांनी भरभरून लिहिलंय. 'अशा सुनेला भर चौकात उभं करा.' 'चाचा, तुम्ही समाजाचे डोळे उघडले.' एकानं लिहिलंय, 'खोळीवर नाव दिसतंय, गारखेडा, कुणी ओळखतं का?' त्याच्याखाली आणखी बऱ्याच जणांनी लिहिलंय. प्रेक्षक किती बारकाईनं बघतात याचं मला नवल वाटलं. आजवर वाटायचं, नुसता अंगठा फिरवतात.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गुलशन बोलत नाही. स्वयंपाक करते, ताट पुढं ठेवते, दुकानात टाके घालते, पण बोलत नाही. शेजारणीनं तिला व्हिडिओ दाखवला म्हणे. मी समजून घेतलंय. आधीच्या ज्या व्हिडिओत तिचा आवाज होता तो थोड्यांनी बघितला, आणि ज्यात नाही तो एवढा चालला, याचं कुणालाही लागणारच. वेळ जाईल तसं निवळेल.

ब्लॉग लिहिला : 'गादी : घराचा आरसा'. अशी एक मालिकाच करता येईल असं वाटतंय. जुन्या गाद्यांतून काय काय निघतं! केसांच्या पिना, गोळ्यांची पाकिटं, एकदा तर कवळी निघाली होती.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

गिऱ्हाइकांत फार चांगला बदल दिसतोय. तिघांनी या आठवड्यात गाद्या आणल्या त्या घरीच उसवून, कापूस पोत्यात भरून. माझी अर्धी मेहनत वाचली. पोत्यातला कापूस झटकून झटकून अगदी स्वच्छ केलेला. एक बाई तर म्हणाली, "चाचा, मशीन चालवा आणि द्या, मी बाहेर उभी राहते." बायका आता बसत नाहीत. गुलशनजवळ कुणी सरकत नाही. काम वेळेत होतं. दुकानाला शेवटी शिस्त लागली.

फक्त मालिकेसाठी उसवलेली गादी मिळेना झालीय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहू नये असं वाटतंय. पण बाकीचं सगळं लिहिलं, तर हेही लिहिलं पाहिजे.

जुम्म्याची नमाज पढून दुकानात आलो तर विशाखा मॅडम बसलेल्या. मला वाटलं भांडायला आल्या. त्या भांडल्या नाहीत. गुलशनही तिथंच होती.

"शौकतभाई," त्या म्हणाल्या, "आबांना माझी नणंद जालन्याला घेऊन गेली. परवा आली, गल्लीत उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, आणि घेऊन गेली. आबांना जायचं नव्हतं. दाराची चौकट धरून ठेवली होती त्यांनी."

मी म्हणालो, "मॅडम, मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं."

"तुम्ही लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "खोळीवर. मोठ्या अक्षरात."

मग त्यांनी सांगितलं. आबा आता ऐंशीच्या पुढं आहेत, डोकं साथ देत नाही. बहात्तरच्या दुष्काळात ते खडी फोडायला जायचे. तिथं जे मिळायचं त्यातलं अर्धं कनवटीला लावून घरी आणायचे, धाकट्या भावासाठी. भाऊ जाऊन जमाना झाला. पण आबांच्या मनात तो आता परत आलाय. रोज पोटभर जेवतात, वर दूध पितात, आणि मग ताटातला एक तुकडा हळूच उचलतात. विचारलं तर सांगतात, धाकट्याला ठेवलंय, तो येईल.

"मी बघते आणि बघितलं नाही असं करते," त्या म्हणाल्या. "मुंग्या व्हायला लागल्या म्हणून गादी आणली. भाभींना आधीच सांगितलं होतं काय निघंल ते."

मी गुलशनकडं बघितलं. ती दाभणाकडं बघत होती.

"माझ्या वर्गातल्या पोरांच्या आया आता शाळेच्या फाटकाशी माझ्याकडं बघून गप्प होतात. एक मुलगा मला डबा द्यायला आला. म्हणाला, आईनं सांगितलं, तुमच्या घरच्या बाबांना द्या." मग त्या उठल्या. उभ्यानंच म्हणाल्या, "त्या दिवशी मी इथं बसले असते तर तुम्ही हे केलं नसतं. पण मला बसायची गरज वाटली नाही, शौकतभाई. एवढंच सांगायला आले."

त्या गेल्यावर मी तो व्हिडिओ काढून टाकला. काढायचा कसा हे तहरीमनं शिकवलं नव्हतं, म्हणून वेळ लागला. तोवर तो आणखी किती जणांनी बघितला कोण जाणे. माझी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

२९ नोव्हेंबर, शनिवार

तहरीम पुण्याहून आली. पुण्यात तिच्या मैत्रिणींनी तिला माझाच व्हिडिओ दाखवला होता. तिनं शोधून बघितलं. माझा काढला तरी लोकांनी उचललेले जागोजागी आहेत, गंभीर संगीतासकट. ती सगळ्यांना काढा म्हणून लिहीत बसली. एकानं काढला. एकानं उत्तर दिलं, 'व्हिडिओ चालतोय, का काढू?'

"मी नसताना टाकायचा नव्हता, अब्बा," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

गुलशनही आज बोलली. आठवडाभरातलं पहिलं वाक्य. "ज्या बायका माझ्यापाशी बसायच्या, त्यांना आता वाटतं मी ऐकते आणि तुम्ही लोकांना सांगता. पोत्यात कापूस घालून आणतात, कळतंय का कायको?"

कळलं. मंगळवारी काय लिहून ठेवलं होतं ते वर वाचलं आणि पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

माफीचा व्हिडिओ करायला बसलो. "मित्रांनो, कापूस पांढरा असतो, पण माणसाचं मन…" इथंच तहरीमनं फोन खाली घेतला.

गुलशन म्हणाली, "दुसऱ्याची गादी उघडताना लाज नाही वाटली. आता आपली उघडा. मग माफीचं बोला."

आता इथं लिहितोच. माझी कंबर धरली तेव्हा तहरीमनं मला फोमची गादी आणली. जालना रोडवरनंच. मी नको नको म्हणालो आणि पहिल्याच दिवशी असा झोपलो की दुकान उघडायला उशीर झाला. गल्लीत कळू नये म्हणून गुलशननं तिच्यावर आमचीच सुती खोळ शिवली, वरून टाकेही घातले. शहागंजातला पिंजारी फोमवर झोपतो हे आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नाही. मी ज्या दिवशी 'कापूस आणि संयम' बोललो त्या दिवशीही त्याच गादीवरून उठून गेलो होतो.

मी म्हणालो, गुलशन, धंदा बसेल.

ती म्हणाली, "तो बसलाच आहे."

३ डिसेंबर, बुधवार

आमची गादी आणून दुकानात टाकली आणि फोनसमोर उसवली. फोम बाहेर आला, पिवळट, पावासारखा. मी सांगितलं की हा माझा, मी यावर झोपतो आणि तुम्हाला कापसाचे गोडवे सांगतो. मग सांगितलं की ज्या घराची गादी मी तुम्हाला दाखवली, तिथं मला काही माहीत नव्हतं. तिथला म्हातारा पोटभर जेवतो. सूनबाईंचं नाव मी विनाकारण खराब केलं. नाव लिहिणं माझं काम होतं, दाखवणं नव्हतं. मागून गुलशन म्हणाली, "आन् भाकरी कायको ठेवतो ते विचारू नका. तुमच्या घरात बघा काय काय ठेवलंय ते."

तहरीमनं काही कापलं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

बघितला बऱ्याच लोकांनी. 'पिंजारी चाचा फोमवर' म्हणून हसून हसून लोळतायत. 'भाभी जिंकल्या', 'भाभींचं चॅनल काढा'. पहिल्या व्हिडिओखालच्या त्या सलामांचा अर्थ मला आज लागला. विशाखा मॅडमबद्दल एकानंही लिहिलेलं नाही. मी खाली जाऊन जाऊन शोधलं. जुना व्हिडिओ अजून फिरतोय. आज त्याच्याखाली एका नव्या माणसानं विचारलंय, ही बाई कोणत्या शाळेत आहे.

दुपारी गारखेड्याला त्यांच्या घरी गेलो. त्यांचे मालक इंद्रजीत यांनी दार उघडलं. वाईट बोलले नाहीत. "शौकतभाई, आत्ता नको," म्हणाले आणि मी जिना उतरेपर्यंत दार तसंच उघडं ठेवलं. आतल्या खोलीत पलंग दिसत होता. त्याच्यावर आपलीच गादी होती, नवी भरलेली, आबा गेल्यावर घरी पोचलेली, घडी न मोडलेल्या चादरीखाली.

१० डिसेंबर, बुधवार

विशाखा मॅडमचा फोन आला, गुलशनला. मला ऐकू येत होतं ते गुलशनच्या बाजूचं. "हां… हां… सोफ्यात? या अल्ला… मग रडली का ती?"

फोन ठेवल्यावर मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा आपण होऊन सांगितलं. जालन्याला नणंदेनं आबांना दोन्ही वेळेला गोडाधोडाचं खायला घातलं, शेजारणींना बोलावून दाखवलंही. परवा तिच्या सोफ्याच्या गाद्या उचलल्या तर खाली पोळ्या. पुरणाच्या, तूप लावलेल्या. ती तिथंच फरशीवर बसली आणि तिनं वहिनीला फोन लावला. काल तीच आबांना घेऊन आली. गल्लीत जिथं उभी राहून बोलली होती तिथून मान खाली घालून घरात गेली, पण आता ऐकायला गल्लीत कोण उभं होतं?

"आले ना परत," मी म्हणालो.

"आले. पण झोपत नाहीत," गुलशन म्हणाली. "नव्या गादीत हात घालायला जागा नाही. सगळीकडनं चाचपतात आणि म्हणतात, धाकट्याचं कुणी खाल्लं."

१४ डिसेंबर, रविवार

आज खरात मंडळी आली. विशाखा मॅडम, आबा आणि गादी. मॅडम आल्या तशा म्हणाल्या, "तुमचा दुसरा व्हिडिओ बघितला, शौकतभाई. फोमला हसले मी. पण माफ केलंय असं समजू नका, मला वेळ लागंल."

मी हो म्हणालो.

"भाभी, गादीला कडेनं एक खिसा पाहिजे," त्या म्हणाल्या. "हात जाईल एवढा. धुवायला काढता यावा असा."

आजवर आम्ही गाद्या, उशा, लोड, तक्के सगळं शिवलं, खिसा कधी शिवला नव्हता. गुलशननं आबांचा हात हातात घेतला, मनगटापर्यंत कापडावर मापून बघितला आणि जुन्या मऊ लुंगीच्या कापडाचा खिसा कापला. मी शटर ओढून घेतलं. तहरीमनं न सांगता तिचा फोन गल्ल्यात टाकून कुलूप लावलं. मी खिशाला बटणं लावत होतो तेव्हा मॅडम माझ्याशेजारी स्टुलावर बसून राहिल्या, काम संपेपर्यंत, नजर न हलवता. बरोबरच होतं ते.

आबा म्हणजे बारकुडा माणूस, पांढरं धोतर, वर मुलानं दिलेला मोठा स्वेटर. मला म्हणाले, "तू पिंजाऱ्याचा का? लई चांगलं काम असतंय पिंजाऱ्याचं. घरात नाय नाय ते बघतो बिचारा, पर बोलत नाय."

मी खाली बघून शेवटचं बटण लावलं.

गादी जमिनीवर अंथरली. आबा तिच्यावर बसले, दाबून बघितली, व्हय व्हय म्हणाले. गुलशननं चहा आणि खारी दिली. एक खारी त्यांनी चहात बुडवून सावकाश खाल्ली, ओठ पुसले. दुसरी हातात धरली. मग त्यांनी आमच्याकडं एकेक करून बघितलं, कुणाचं लक्ष आहे का ते.

मॅडम बंद शटरकडं बघत होत्या. गुलशन दोरा ओवलेल्या दाभणात परत दोरा ओवत होती. तहरीम पोत्याचं तोंड बांधत होती. मी वर पंख्याकडं बघितलं, आणि खसखस आवाज पूर्ण थांबेपर्यंत तिकडंच बघत राहिलो.

"चला आता," आबा म्हणाले. "त्याची यायची वेळ झाली."